पहिली पाच काडतुसं

सायमा बुशार आली तेव्हा हिल्मा सारेला जेवायला बसली होती. सायमाने दार वाजवलं नाही, बूट झटकले नाहीत. बर्फ तसाच आत आणला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली.

"माझ्या मुलीचा उजवा डोळा गेला. गाव म्हणतं, माझ्या बापाने घालवला. नवरा म्हणतो, म्हाताऱ्याला तुरुंगात घाला. आणि बाप म्हणतो, हो, मीच केलं, सही करून मोकळा होतो. मला एवढंच कळायला हवंय, की मी चिडू कोणावर."

हिल्माने अर्धी खाल्लेली खिम्याची पास्टी बाजूला सारली आणि तिला खुर्ची दाखवली. सायमा बसली नाही.

हिल्मा एकसष्ट वर्षांची. सव्वीस वर्षं तिने विमा कंपनीसाठी जळालेली घरं आणि फुटलेल्या होड्या तपासल्या. आता ती परवानाधारक खाजगी गुप्तहेर आहे. लोक तिच्याकडे बहुतेक घटस्फोटासाठी येतात आणि तिला त्या कामाचा मनापासून तिटकारा आहे. तिचा गुडघा गेल्यापासून गाडी तिचा दीर टेरी पेनहेल चालवतो. टेरी जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाला. माणूस लाख मोलाचा, फक्त डोकं पहिल्या गिअरच्या वर जात नाही.

प्रकार गावाला पाठ होता. बारा दिवसांपूर्वी, शनिवारी, क्लबच्या मैदानावर सायमाची मुलगी कर्स्टन रायफल घेऊन उभी राहिली. वय तेवीस. काडतुसं तिच्या आजोबांनी, आर्वो निएमींनी, घरी भरलेली. पहिल्याच बाराला रायफल मागच्या बाजूने फुटली. शेरीफच्या माणसांनी त्याच पेटीतली पुढची दोन काडतुसं उघडली, तर आत रायफलच्या सावकाश जळणाऱ्या बारुदीऐवजी पिस्तुलाची झपकन जळणारी बारूद. निष्कर्ष सोपा होता. आर्वोच्या भरणीयंत्रात आदल्या कामाची बारूद उरली आणि शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या ती लक्षात आली नाही. सोमवारी सरकारी वकिलासमोर आर्वो गुन्हा कबूल करणार होता.

"आज गुरुवार," हिल्मा म्हणाली. "टेरी, गाडी काढ."

आर्वोच्या अंगणात पोती पडली होती. आमच्या हेनोला गावात निम्म्या घरांत आर्वोची काडतुसं असायची. हरणांच्या मोसमाआधी लोक रिकाम्या पितळी नळ्या त्याच्याकडे टाकायचे आणि भरून न्यायचे. चाळीस वर्षांत कुणाचं नख दुखावलं नाही. तीच सगळी काडतुसं गावाने एका आठवड्यात पोत्यांत कोंबून त्याच्या दारात आणून ओतली होती. दार वाजवायचं धाडस एकालाही झालं नाही. सांगायला लाज वाटते, त्यात माझ्याही घरचं एक पोतं होतं.

कार्यशाळा घरामागे, लाकडी शेडमध्ये. भट्टी थंड होती. शिशाच्या विटा, साचे, मेणाच्या लेपाचा डबा, भिंतीला बोल्टने आवळलेलं दाबयंत्र, सगळं जागच्या जागी. मागच्या रानाकडे उघडणाऱ्या एका मोठ्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता. खिडकीखालच्या फळीवर वीस-वीस काडतुसांच्या पेट्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर लाल पेन्सिलीने आकडा. पहिल्या आकड्याची जागा रिकामी होती.

आर्वो स्टुलावर बसला होता आणि बोलायला तयार नव्हता. "माझी चूक आहे," एवढंच तो तीनदा म्हणाला.

भरणीयंत्र रिकामं करता का, असं हिल्माने विचारलं. प्रत्येक वेळी करतो, तो म्हणाला, पण शपथेवर सांगता येत नाही, कारण जे लक्षात राहत नाही तेच तर माणूस विसरतो.

टेरीला गप्प बसणं जमत नाही. तो दुकानातलीच काडतुसं वापरणारा. त्याने बाकावरची एक रिकामी नळी उचलली आणि शिशाची गोळी अंगठ्याने तिच्यात दाबायला लागला.

आर्वोने डाव्या हाताने त्याच्या मनगटावर चापट मारली. "काय करतोस? तोंड न फाकवता?"

"कुणाचं तोंड?"

"नळीचं, गाढवा. शिसं मऊ असतं. पितळेची कड त्याला बटाट्यासारखी सोलते. आधी नळीचं तोंड केसभर फाकवायचं, मग गोळी बसवायची, मग तोंड मिटवायचं. मी तर आधी सगळ्या नळ्यांची तोंडं फाकवून घेतो, मगच बारुदीचा डबा उघडतो. ती दुकानातली तांब्याच्या आवरणाची गोळी असते, तिला हे लाड लागत नाहीत. टणक असते, सरळ घुसते." एवढं बोलून तो दमला. बारा दिवसांत प्रथमच तो माणसासारखा बोलला होता.

हिल्माने विचारलं, "पहिली पेटी कर्स्टनला का दिलीत?"

आर्वोचा चेहरा मिटला. त्याने डाव्या हाताने मेणाचा डबा उचलून फळीवर ठेवला. उजवा हात मांडीवरच राहिला होता. "सोमवारी सही करतो," तो म्हणाला. "जा आता."

पोत्यांमधून वाट काढताना हिल्माने एका पोत्याला अशी लाथ घातली, की तिचाच गुडघा कळवळला.

शेजारचा गॉर्डन ट्रेलोर आर्वोचा एकोणीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी. तोही घरी शिसं ओततो. क्लबच्या वार्षिक स्पर्धेत एकोणीस वर्षं आर्वो पहिला आणि हा दुसरा. गावात उचलली जीभ लावली टाळ्याला, यानेच काही केलं असेल अशी कुजबूज होतीच.

"मला त्याचा राग आहे," गॉर्डन दारातच म्हणाला. "मरेपर्यंत राहणार. पण मला त्याला नेम धरून हरवायचंय. तो असा हरला तर माझी एकोणीस वर्षं पाण्यात गेली ना."

"त्याच्या शेडमध्ये तू जातोस?"

"रोज. कुलूप असतं कुठे? सप्टेंबरात ती खिडकी मीच बसवून दिली. त्याआधी आत अस्वलाच्या बिळासारखा अंधार. पेट्या कपाटात असायच्या, आता फळीवर आल्या." मग तो घुटमळला. "हे बघ हिल्मा, त्याने कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. सायमालासुद्धा. ऑक्टोबरात तो शिडीवरून पडला. मीच दवाखान्यात नेला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा. रायफल कसली उचलतोय?"

"आणि क्लबचा नियम?"

गॉर्डनने मान खाली घातली. नियम साधा आहे आणि आमच्याकडे तो कुठे लिहिलेला नाही. नव्या घाण्यातली पहिली पाच काडतुसं बनवणाऱ्याने स्वतः झाडायची. माझ्या हातचं आहे, आधी माझ्या तोंडासमोर फुटू दे, असा त्याचा अर्थ. पहिल्या पेटीतल्या पहिल्या ओळीत पाच असतात, ती बनवणाऱ्याची. आर्वोने चाळीस वर्षं हा नियम मोडला नव्हता.

"या वेळी खांदा नडला," गॉर्डन म्हणाला. "लाज वाटली त्याला सांगायची. गुपचूप नातीला पेटी दिली, तूच झाड म्हणाला. म्हणून तो सही करायला निघालाय. बारुदीचं त्याला आठवतही नाही, पण ही लाज आठवते."

शेरीफच्या कचेरीत डेप्युटी मॅटसनने पेटी टेबलावर ठेवली. वीसपैकी सतरा उरली होती. हिल्माने भिंग घेतलं आणि पाऊण तास एकेक काडतूस फिरवून बघितलं. मग तिने पाचवं आणि सहावं काडतूस उघडायला सांगितलं. पाचव्यात पिस्तुलाची बारूद निघाली. सहाव्यात रायफलची, अगदी बरोबर.

टेरी हळहळला. "म्हणजे शेरीफचंच खरं की. यंत्रातली उरलेली बारूद पहिल्या पाचांत गेली आणि पुढे चांगली लागली."

"भिंग घे. चौथ्या काडतुसाचं तोंड बघ. मग सातव्याचं."

टेरीने बघितलं. चौथ्याच्या कडेला, गोळी जिथे नळीत शिरते तिथे, केसाएवढी चंदेरी साल वळून बसली होती. गोळीच्या सपाट नाकावर बारीक गोल वळ होता, टेबलावर ओला ग्लास ठेवल्यावर उठतो तसा. सातव्यावर दोन्ही नव्हतं.

"शिसं आहे, ओरखडा पडला असेल," टेरी म्हणाला. हिल्माने भिंग पिशवीत टाकलं.

सायमाचा नवरा वेन बुशार आपल्या गॅरेजमध्ये मोसमाची काडतुसं भरत होता. त्याचं दाबयंत्र नवं, बाकावर तांब्याच्या टोकदार गोळ्या शिस्तीत मांडलेल्या. हिल्मा आत येताच तो उसळला. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, डोळे गेलेत, तरी अख्ख्या गावाला काडतुसं वाटतो. ते भट्टीबिट्टीचं थोतांड मोडून काढा आणि त्याला आत टाका, असं तो दहा मिनिटं बोलत राहिला. गाव त्याच्या बाजूने होतं. ज्याच्या मुलीचा डोळा गेला त्याच्यापुढे कोण तोंड उघडणार?

"तुम्ही मैदानावर होतात त्या दिवशी?"

"मला मैदानावर बंदी आहे, विसरलात? ऑगस्टात म्हाताऱ्याने माझ्या हातातून रायफल हिसकावली. एक बिअर प्यायलो होतो, एक. सगळ्या गावासमोर, माझ्या मुलीसमोर, एक वर्ष नाव खोडलं. त्या दिवसापासून त्याच्या शेडमध्ये मी पाऊल ठेवलेलं नाही."

"नियम होता ना, बंदूक हातात असताना प्यायचं नाही?"

"नियम! आणि स्वतः काय करतो? काडतुसांच्या पेट्या खिडकीखाली उन्हात शेकत ठेवतो. आणि म्हणे कलाकार. त्यात कला कसली? कुठलंही गाढव ते करेल."

"तुम्हीही शिसं ओतता?"

"ते घाणेरडं काम? छे. मी जन्मात शिशाच्या गोळीला हात लावलेला नाही."

शनिवारी सकाळी हिल्माने सगळ्यांना वेनच्याच गॅरेजमध्ये बोलावलं. कर्स्टनला उजेड सोसत नव्हता, तिला घराबाहेर नेणं शक्य नव्हतं. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसली, उजव्या डोळ्यावर पट्टी. तिच्या शेजारी सायमा. गॉर्डनने आर्वोला जवळजवळ ओढतच आणलं होतं. मॅटसन पेटी घेऊन दाराशी उभा राहिला.

वेन आर्वोला आत येऊ देईना. सायमा त्याला एकच शब्द बोलली, "बस." तो बसला.

हिल्माने खिशातून रिकामी नळी आणि आर्वोची एक शिशाची गोळी काढली. "वेन, तुम्ही म्हणालात, कुठलंही गाढव हे करेल. यात बारूद नाही, ठिणगी पाडणारी टोपी नाही. आर्वोच्या वयामुळे चूक झाली, की कामच अवघड आहे, हे मला बघायचंय. एवढी गोळी बसवून दाखवा."

"हा काय पोरखेळ?"

"जमत नसेल तर राहू दे."

वेनने नळी तिच्या हातातून खेचून घेतली. यंत्रात ठेवली, वर गोळी टेकवली आणि रागारागाने दांडा ओढला. काम दोन सेकंदांत झालं. त्याने काडतूस टेबलावर आपटलं. "घ्या."

हिल्माने ते उचललं नाही. भिंग मॅटसनला दिलं. मॅटसनने काडतूस बघितलं, मग पेटीतलं चौथं बघितलं, मग परत हे बघितलं. त्याने भिंग खाली ठेवलं आणि तो वेनकडे बघायला लागला.

"टेरीलाही दे," हिल्मा म्हणाली. "काय दिसतं, टेरी?"

"साल," टेरी म्हणाला. "कडेला तशीच साल. आणि नाकावर तसाच गोल वळ."

गॉर्डनच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं. तो शिवी हासडून उभा राहिला. हिल्माने त्याला हाताने थांबवलं.

"सगळ्यांनी विचारलं, कर्स्टनचं वाईट कोण करेल? कोणीच नाही. म्हणून सगळे म्हणाले, चूक झाली. आर्वोसुद्धा. पण चूक झाली असती, तर पहिल्या पाच काडतुसांत फक्त बारूद चुकीची असती. गोळ्या बाकीच्यांसारख्याच बसल्या असत्या, कारण आर्वो बारुदीला हात लावायच्या आधीच सगळ्या नळ्यांची तोंडं फाकवतात. इथे पहिल्या ओळीतल्या उरलेल्या दोन्ही काडतुसांवर साल निघाली आहे आणि पुढच्या पंधरांवर नाही. म्हणजे कोणीतरी पाच तयार काडतुसांमधून गोळ्या उपटल्या, आतली बारूद बदलली आणि गोळ्या परत बसवल्या. तोंड न फाकवता. शिसं ओतणाऱ्या माणसाचा हात झोपेतही असं करणार नाही. गॉर्डनचा तर नाहीच. हा हात तांब्याच्या गोळीला सरावलेला आहे."

"तसे गावात पन्नास जण आहेत," वेन म्हणाला.

"आहेत. पण पाचच का? ती पाच बनवणाऱ्याची असतात. कर्स्टनला कोणी इजा करायला बघितलंच नव्हतं. ज्याने हे केलं त्याला खात्री होती, की ही पाच आर्वोच झाडणार. आणि पाचच केली की उरलेल्या बारुदीचा बहाणा आयता तयार. आर्वोचा खांदा निकामी झालाय, हे गॉर्डनला माहीत होतं. त्याला आर्वोचं वाईट करायचं असतं, तर त्याने ही वाट धरली नसती. हे करणाऱ्याला खांद्याचं माहीत नव्हतं, कारण तो आर्वोशी बोलत नव्हता. तरी तो शेडमध्ये जाऊन आला होता. वेन, तुम्ही ऑगस्टपासून तिथे गेला नाहीत. खिडकी सप्टेंबरातली आहे, आणि ती मागच्या रानाकडे उघडते. पेट्या खिडकीखाली असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

वेनने सायमाकडे बघितलं.

"मी नाही," सायमा म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

"आणि तो गोल वळ," हिल्मा पुढे म्हणाली. "तुमच्या यंत्रातला दट्ट्या टोकदार तांब्याच्या गोळीसाठी पोकळ केलेला आहे. सपाट शिशावर दाबला की त्याची कड उमटते. दोन्ही वळ मोजून बघतील शेरीफचे लोक. मोजायची गरज मला तरी वाटत नाही."

वेनचे हात बाकावर होते. तांब्याच्या दोन गोळ्या घरंगळून खाली पडल्या, त्याने त्या उचलल्या नाहीत.

"त्याचं थोबाड फुटावं एवढंच वाटलं होतं," तो शेवटी म्हणाला. "माझं फोडलं तसं. सगळ्यांसमोर. रायफल मोडेल, लोक हसतील. मला काय माहीत, की तो तिला..."

"थोबाडासमोर रायफल फुटली की लोक हसतात, असं वाटलं तुला?" गॉर्डन ओरडला.

सायमा मात्र ओरडली नाही. ती उठून नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "दवाखान्यात तू माझा हात धरून बसलास. माझ्या बापाला शिव्या देत होतास. तेव्हा तुला माहीत होतं?"

"सायमा, मी..."

"माहीत होतं?"

"हो."

"चौदा दिवस. पोती टाकायला लोकांना तू चिथावलंस. बाबांना सही करायला लावणार होतास. त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत वाटलं असतं, की त्यांनीच..." तिने बाकावरची शिस्तीत मांडलेली गोळ्यांची रांग हाताने उडवून दिली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. भांडणातून माणूस पाप करतो, हे मी समजू शकतो. पण आपलं पाप एका सरळ म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधून वर त्यालाच दगड मारायचे, आणि आम्ही सगळ्यांनी ते दगड हौसेने पुरवायचे, याला माझ्याकडे माफी नाही. आम्हालाही नाही.

आर्वोची सुटका झाली होती, पण तोंडावर कुठे सुटका दिसेना. "मीच झाडायला हवी होती," तो म्हणाला. "खांदा मोडला तरी."

"मग तुमचा डोळा गेला असता, उक्की," कर्स्टन कोपऱ्यातून म्हणाली; आजोबांना ती लहानपणापासून उक्कीच म्हणते. "ते मला चाललं असतं, असं वाटतं का तुम्हाला? पुन्हा बोललात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." आजोबांवर ती अशी चिडलेली कोणी बघितली नव्हती. म्हातारा तिच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसला आणि रडायला लागला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मॅटसनने वेनच्या दंडाला धरलं. दाराकडे जाताना वेन थांबला. त्याला मुलीजवळ जायचं होतं. मॅटसनने क्षणभर सोडलं, कारण मॅटसनलाही मुली आहेत.

"कर्स्टन," तो म्हणाला. "एकदा माझ्याकडे बघ."

ती समोरच बसली होती, डाव्या डोळ्याने तिला तो पूर्ण दिसत होता. तिने सावकाश मान वळवली आणि पट्टीची बाजू त्याच्याकडे केली.

"या बाजूने मला काही दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. "तू आता याच बाजूला राहा."